विश्लेषण : पिकअपची मागची सीट उभी दिसते, पण लॉक झाली आहे का?

धडगावहून तळोद्याकडे येताना चांदशैली घाटाचा उतार सुरू झाला, की डबल कॅब पिकअपमध्ये मागून एक आवाज येतो. आधी खडखड, मग एखाद्या वळणावर 'थाड'. वर दुमडून ठेवलेली मागची सीट खाली आपटलेली असते. चालक मागे वळून बघतो, शिवी हासडतो, गाडी बाजूला घेऊन सीट पुन्हा उभी करतो आणि सुतळीने बांधतो. नंदुरबार जिल्ह्यात कंत्राटदाराची, दुकानदाराची किंवा शेतकऱ्याची अशी गाडी असेल, तर सीटच्या दांड्याला सुतळी नाहीतर जुन्या ट्यूबची रबरी पट्टी हमखास सापडते.

हा प्रकार किरकोळ वाटतो. पण सीट 'उभी असणे' आणि 'लॉक असणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सपाट रस्त्यावर त्यांच्यातला फरक कळत नाही. घाटात, जोरदार ब्रेक लागल्यावर किंवा धडकेत तो कळतो.

कोणत्या सीटबद्दल बोलतो आहोत?

दुमडणारी मागची सीट सगळीकडे एकसारखी नसते. गॅरेजमध्ये गेल्यावर नेमके काय बिघडले आहे हे सांगता यावे म्हणून आधी तीन प्रकार पाहू.

पहिला प्रकार म्हणजे सीटची पाठ पुढे पडणारी. बोलेरो कॅम्पर, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा डबल कॅब गाड्यांमध्ये चालकामागे दुसरी रांग असते. अनेक पिकअपमध्ये जॅक आणि पाना या रांगेच्या मागे किंवा खाली ठेवलेला असतो. तिथे हात पोहोचावा म्हणून काही मॉडेलमध्ये पाठ पुढे दुमडता येते. माणूस बसणार असेल तेव्हा ही पाठ उभी आणि लॉक असलीच पाहिजे.

दुसरा प्रकार बसायची गादी वर उचलली जाणारी. गादी पुढच्या कडेने उचलून पाठीला टेकवायची, की खाली फरशीवर पेटी, अवजारे किंवा किराणा ठेवायला जागा होते. ती वर राहावी म्हणून कुठे हुक, कुठे कापडी पट्टा, तर कुठे हेडरेस्टच्या दांड्याला अडकवायचा फासा दिलेला असतो. घाटातला तो 'थाड' आवाज बहुतेक वेळा या गादीचा असतो.

तिसरा प्रकार म्हणजे जीपसारख्या गाड्यांतल्या समोरासमोर तोंड असलेल्या आडव्या सीट. भिंतीला टेकवून वर दुमडल्या की मागे माल भरता येतो. शहादा, अक्कलकुवा भागात काळी-पिवळी जीपमधून प्रवास केलेल्या कोणालाही त्या माहीत असतील, आणि त्यांच्या सैल हुकांचा गुडघ्यांना बसणारा प्रसादही.

खटका नेमका कसा बसतो?

पाठीचे लॉक हा या सगळ्यातला महत्त्वाचा भाग. त्याची रचना दरवाजाच्या कुलपासारखीच असते. गाडीच्या बॉडीला इंग्रजी 'यू' अक्षरासारखी एक जाड लोखंडी कडी घट्ट बोल्ट केलेली असते. सीटच्या पाठीत एक पंजा असतो. पाठ मागे ढकलली की पंजा कडीवर आदळतो, फिरतो आणि कडीला कवेत घेतो. लगेच एक छोटी लोखंडी जीभ त्याच्या मागे येऊन बसते आणि पंजाला उलटा फिरू देत नाही. तोच 'खट्' आवाज. वरचे बटण, दोरी किंवा खटका ओढला की केबल ही जीभ बाजूला सारते आणि पाठ मोकळी होते.

यात तीन ठिकाणी बिघाड होतो.

एक, पंजात कचरा अडकतो. आपल्याकडे सिमेंटची धूळ, मिरचीचे देठ, कापसाची बोंडे, उसाचे पाचट यांपैकी काही ना काही पाठीमागच्या फटीत असतेच. पंजा पूर्ण फिरत नाही, जीभ अर्धवट बसते. सीट उभी दिसते, हाताने हलकी हलवली तर हलतही नाही. पण जोर आला की सुटते.

दोन, केबल ताणलेली राहते किंवा गंजून अडकते. खटका सोडल्यावरही जीभ पूर्ण परत येत नाही. काही गाड्यांमध्ये लॉक नीट बसले नसेल तर बटणाच्या कडेला लाल खूण दिसते. ती कायम दिसत असेल, तर लॉक सीट अर्धवट बसल्याचेच सांगत असते. 'रंग उडालाय' म्हणून ती सोडून देऊ नका.

तीन, सलग बाकासारख्या पाठीला दोन टोकांना दोन लॉक असतात. एका टोकाला जोर देऊन ढकलले की तिथला खटका लागतो आणि दुसऱ्या टोकाचा तसाच राहतो. आवाज मात्र आलेला असतो, त्यामुळे शंकाही येत नाही. माझ्या मते अर्धवट लॉकचा हा सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण गाडीत बिघाड काहीच नसतो.

चढताना गप्प, उतरताना का पडते?

आता गादीकडे येऊ. वर उचललेली गादी साधारणपणे थोडी मागे कललेली असते, म्हणजे तिचे वजनच तिला मागे रेलून ठेवते. हुक तुटला तरी सपाट रस्त्यावर ती उभी राहते, आणि मालक समजतो की सगळे ठीक आहे.

समजा हा कल ५ अंशांचा आहे. १० मीटर अंतरात १ मीटर उतरणारा रस्ता म्हणजे जवळपास ६ अंशांचा उतार. अशा उतारावर गाडी पुढे झुकली की गादीचा मागचा कल संपला. त्यात ब्रेक लागला तर आणखी भर पडते. रोजचा, फार जोराचा नसलेला ब्रेक गुरुत्वाकर्षणाच्या तीन-दशांश इतका धरला, तरी आतल्या वस्तूंना तो १७ अंशांच्या उतारासारखा जाणवतो. म्हणजे घाट उतरताना ब्रेक मारणारी गाडी २० अंशांहून जास्त पुढे झुकल्यासारखी असते आणि गादीचा मागचा कल त्यापुढे टिकत नाही. ती पडणारच.

चढताना नेमके उलटे होते. चढावर गादी आणखी मागे रेलते. म्हणून तळोद्याहून वर धडगावला जाताना कुरकुर नाही आणि परतीला आवाज. तोरणमाळ किंवा मोलगीकडे जाणाऱ्या देवगोई घाटातही असेच होते. गादीचा हुक तपासायचा तर घरासमोर सपाट जागेवर तपासून उपयोग नाही. हाताने पुढे ओढून पाहावे लागते.

पडून पडून काय पडेल, गादीच तर आहे, असे म्हणता येईल. पण खाली तेलाचा डबा असतो, लहान मुलाचे बोट असते, कधी चालकाच्या कोपरावर येते. आणि वळणाच्या ऐन तोंडावर मागे मोठा आवाज झाला की चालकाची नजर रस्त्यावरून हटते. चांदशैलीसारख्या घाटात तेवढे क्षण पुरेसे असतात.

धडकेत एका गोणीचे वजन किती होते?

पाठीच्या लॉकचा खरा कस धडकेत लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर आदळली आणि पुढचा भाग चेपत साधारण ६० सेंटिमीटरमध्ये थांबली असे धरू. हिशेब केला तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १६ पट जोर येतो. ताशी ५० चा वेग म्हणजे जवळपास १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या आसपासवरून पडल्यावर मिळणारा वेग.

युरियाची गोणी ४५ किलोची असते. १६ पटीने ती ७०० किलोंहून जास्त जोर लावते. सैल ठेवलेली असेल तर परिणाम आणखी वाईट, कारण गाडी थांबत असताना गोणी मूळच्या वेगाने पुढे जात राहते आणि सीटवर घणासारखी आदळते.

सीट बनवणारे हा हिशेब करतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी १७ क्रमांकाचा नियम सीटच्या मजबुतीविषयी आहे. प्रवासी गाड्यांच्या मागच्या सीटसाठी त्यात सामानाची चाचणी आहे. सीटच्या मागे प्रत्येकी १८ किलोचे, ३० सेंटिमीटर बाजूचे दोन ठोकळे ठेवतात आणि ताशी सुमारे ५० किलोमीटरच्या धडकेइतका झटका देतात. पाठ जागेवर राहिली पाहिजे, लॉक सुटता कामा नये. दुमडणाऱ्या प्रत्येक सीटला आपोआप बसणारे लॉक असावे, असेही हाच नियम सांगतो.

आकडे जरा शेजारी ठेवून पाहा. चाचणीत दोन ठोकळे मिळून ३६ किलो. आपण जीपमध्ये मागच्या रांगेच्या पाठीला टेकवून ठेवतो ती युरियाची एकच गोणी ४५ किलोची. म्हणजे लॉक कारखान्यातून आले तसे ठणठणीत असले, तरी आपण त्याच्याकडून चाचणीपेक्षा जास्त अपेक्षा करतो. अर्धवट बसलेल्या लॉकचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

डबल कॅब पिकअपला इथे एक फायदा आहे. हौदा आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, त्यामुळे हौद्यातला माल थेट सीटच्या पाठीवर येत नाही. धोका असतो तो केबिनच्या आत ठेवलेल्या सामानाचा. पाठीमागच्या फटीत कोंबलेला जॅक, साखळी, पाण्याची मोटर यांचा.

पट्टा कुठे गेला?

लॉकबद्दल बोलताना सीटबेल्ट हमखास विसरला जातो. पाठ पुढे पाडून पुन्हा उभी करताना खांद्यावरून येणारा पट्टा बऱ्याचदा पाठीमागे अडकतो. मग दोन गोष्टी होतात. पट्ट्याची जाडी मध्ये आल्याने पंजा कडीवर पूर्ण बसत नाही, आणि बसणाऱ्याला पट्टा बाहेर काढता येत नाही म्हणून तो लावलाच जात नाही. तसेच गादी वर-खाली करताना पट्ट्याची खाच असलेली बकले गादीखाली जातात आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतात.

मागच्या पट्ट्याचे महत्त्व महाराष्ट्राला ४ सप्टेंबर २०२२ रोजी कळले होते. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्याच वर्षी देशात सीटबेल्ट न लावलेल्या १६ हजार ७१५ जणांचा अपघातात मृत्यू झाला. त्यांत चालक ८ हजार ३८४ आणि प्रवासी ८ हजार ३३१, म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरील प्रवाशांनीही पट्टा लावणे बंधनकारक आहे. न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाखाली १ हजार रुपये दंड आहे. समोरासमोरच्या आडव्या सीटवर बसणारे या शब्दरचनेतून सुटतात. दंडातून सुटतात, धडकेतून नाही.

सुतळी, रबर आणि वेल्डिंग : काय चालते, काय नाही?

जुगाडाला नावे ठेवायची नाहीत. मोलगीत सीटच्या लॉकचा सुटा भाग मिळणार नाही आणि कंपनीचे सर्व्हिस सेंटर लांब आहे, हे उघड आहे. प्रश्न इतकाच, की कोणता जुगाड कशासाठी.

रिकाम्या केबिनमध्ये उचललेली गादी खाली पडू नये म्हणून दोरी बांधली, तर हरकत नाही. गादीचे वजन थोडे असते. त्यासाठी सुतळीपेक्षा बकल असलेला रुंद नायलॉनचा पट्टा चांगला. माल बांधण्यासाठी वापरतात तो खटक्याने आवळायचा पट्टा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो हेडरेस्टच्या प्लास्टिकला नाही, लोखंडी दांड्याला किंवा बॉडीच्या कडीला अडकवा. मात्र गादीच्या हुकाचे काम फक्त गादी धरण्याचे आहे. खाली ठेवलेला माल तिला टेकवून रचला, तर हुक लगेच वाकतो. माल पुढच्या सीटच्या पाठीला चिकटवून, खालच्या बाजूला आणि बांधून ठेवायचा.

ट्यूबची रबरी पट्टी मात्र नकोच. रबर ताणते, हाच तिचा गुण आणि हाच दोष. रोजच्या हादऱ्यांत ती सीट घट्ट धरून ठेवते, त्यामुळे मालकाचा विश्वास बसतो. जोराच्या झटक्यात ती हातभर ताणली जाते आणि तोवर सीट पुढे गेलेली असते.

आणि ज्या पाठीला माणूस टेकणार आहे, तिच्यासाठी कोणतीच दोरी चालत नाही. पाठ १२ किलोची धरली, तरी त्या धडकेत तिचा एकटीचा जोर १९० किलोंच्या पुढे जातो, मागचे सामान वेगळेच. लॉक गेले असेल, तर दुरुस्त होईपर्यंत त्या जागेवर कोणाला बसवू नये.

वेल्डिंग करून पाठ कायमची उभी करणारेही आहेत. दिसायला पक्के काम. पण लॉकजवळचा पत्रा आणि कडी यांचे पोलाद ठरावीक पद्धतीने तयार केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद बदलते, आणि सांध्याजवळच चीर जाण्याची शक्यता वाढते. शिवाय कंपनीच्या रचनेत परवानगीशिवाय बदल केल्यास कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

बोल्टचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सीट आणि पट्ट्याच्या बोल्टच्या डोक्यावर सहसा ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. हा ताकदीचा दर्जा. हरवलेल्या बोल्टच्या जागी दुकानातला ४.६ दर्जाचा साधा बोल्ट टाकला, तर तो ८.८ च्या जवळपास निम्म्या ताणात तुटतो. आटे जुळले म्हणजे बोल्ट जुळला असे नसते. जुनी पिकअप घ्यायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात, हा आकडाही वाचा.

तपासायचे कसे?

पाठ उभी करताना दोन्ही टोकांना वेगवेगळा जोर द्या. मग वरचा कोपरा धरून आपले वजन टाकून पुढे ओढा, आधी एका बाजूचा, नंतर दुसऱ्या बाजूचा. पाठ दोन भागांत असेल, तर प्रत्येक भाग स्वतंत्र ओढा. थोडी लवचिकता चालते, टकटक आवाज किंवा सरकणे चालत नाही. पट्टा समोर आला आहे का आणि बकल गादीच्या वर आहे का, तेही त्याच वेळी दिसते. एवढ्याला अर्धा मिनिट लागतो.

पंजात कचरा असेल तर जुन्या टूथब्रशने काढा, हवा मारा. ऑइल ओतू नका, त्यावर धूळ चिकटून आठवड्यात पुन्हा चिखल होतो. फिरत्या सांध्यावर बोटाच्या टोकाएवढे ग्रीस पुरते. कडीचे बोल्ट सैल असतील किंवा कडी वाकली असेल, तर मात्र हातोडीने सरळ करण्याच्या फंदात न पडता ती बदलून घ्या.

दोष कारखान्यातला असेल, तर खर्च तुमचा नाही. मारुती सुझुकीने जानेवारी २०२३ मध्ये ११ हजार १७७ ग्रँड व्हिटारा गाड्या मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटमधील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. सुटा भाग आकाराने हातात मावणारा, तरी कंपनीने गाड्या बोलावल्या. आपल्या गाडीसाठी असे काही जाहीर झाले आहे का, हे चासी क्रमांक सांगून डीलरकडे विचारता येते.

सीट बिघडली की माणसे कुठे बसतात?

डबल कॅबची दुसरी रांग ज्या कामासाठी आहे, ते काम म्हणजे मजुरांना केबिनच्या आत बसवणे. लॉक गेले, सीट दोरीने बांधली, वर सामान ठेवले, की ती रांग कोठार होते. मजूर मग हौद्यात चढतात. हौद्यात ना पाठ, ना पट्टा, ना छप्पर. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप याच चांदशैली घाटात कोसळली आणि अनेकांचे जीव गेले. तो अपघात सीटच्या लॉकमुळे झाला नव्हता. पण मालवाहू पिकअपमधून घाट उतरणे किती महाग पडू शकते, हे जिल्ह्याने तेव्हा पाहिले.

पैशांची बाजूही आहे. मालवाहू गाडीतून असेच नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर टाकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांच्या बाबतीत भरपाईचा बोजा गाडीमालकावर येऊ शकतो, आणि त्याच्याकडे पैसे नसतील तर जखमीच्या घरच्यांवर. नोंदणी पुस्तकात जितक्या सीट लिहिल्या आहेत, तितक्या वापरण्याजोग्या आहेत का, हे पुढच्या सर्व्हिसिंगला फिटरला एकदा पाहायला सांगा. ऑइल गळेपर्यंत त्याच्याकडे तेवढा वेळ असतोच.